लोण्यातली मेडलं

माझ्या सासऱ्यांना मी तीन दिवस फ्रीझरमध्ये ठेवलं होतं. ठेवायच्या आधी हे मी सासूबाईंसमोर, म्हणजे आमच्या आत्यांसमोर, एकदाच बोलले आणि त्यांनी हातातली परात ओट्यावर दाणकन आदळली. "शुभ बोल गं बाई! जित्या माणसाला बर्फात ठेवत्यात व्हय?" मी म्हटलं, आत्या, मामांना नाही, मामांच्या चित्राला. त्यावर त्या म्हणाल्या, "चित्र बी त्येंचंच न्हवं?" मी भाकरीचं पीठ मळायला घेतलं.

सुरुवातीपासून सांगते, नाहीतर मी खरंच तसली बाई आहे असं वाटेल. मी सांगलीची. माहेरी हळदीचा व्यापार. पोत्यात हात घालून हळद कुठल्या भागातली ते सांगावं, बोलण्यात कुणाला हार जाऊ नये, आणि कुठल्याही गोष्टीचं कारण आपल्याला आधीच ठाऊक आहे असा चेहरा ठेवावा, एवढं शिक्षण घेऊन मी साताऱ्याजवळच्या या गावात सून म्हणून आले. इथं घरटी एक माणूस फौजेत. ज्या घरातलं कुणीच फौजेत नाही, त्या घराची लोक जरा हळू आवाजात चौकशी करतात. माझा नवरा फौजेत, सासरे सुभेदार होऊन निवृत्त झालेले. लग्नाला नऊ वर्षं झाली. नवऱ्याच्या सगळ्या सुट्ट्या एकाला एक जोडल्या तर त्यातली दोन भरतील.

केक मी लॉकडाऊनमध्ये मोबाइलवर बघून शिकले. पहिला केक असा बसला की आत्यांनी त्याच्यावर गूळ घालून तो म्हशीला दिला. म्हशीनं खाल्ला, हे मी माझं पहिलं यश धरते. पुढं हात बसला. आसपासच्या चार गावांतून ऑर्डरी यायला लागल्या आणि स्वयंपाकघर पुरेनासं झालं. एका शेगडीवर आमटी, शेजारी क्रीम. एकदा एका वाढदिवसाच्या केकला लसणाचा वास लागला. लोकांनी खाल्ला, पण परत ऑर्डर दिली नाही.

मला रस्त्याकडची बाहेरची खोली हवी होती. स्टँडवरून येणारं प्रत्येक माणूस त्या खोलीवरून जातं. पण तिथं मामांची खाट, मामांचा रेडिओ आणि खिडकीखाली मामांची काळी लोखंडी ट्रंक. तिच्यावर पांढऱ्या रंगात त्यांचा हुद्दा लिहिलेला. ती ट्रंक मामांनी निवृत्त होऊन आल्या दिवशी जिथं ठेवली तिथून ती आजवर हललेली नव्हती. शेणानं सारवायची खोली फरशीची झाली, तेव्हा गवंड्यानं ट्रंकेभोवती फरशी बसवली. खरंच. खालची जमीन अजून मातीची होती.

दोन वर्षं मी आडून आडून विचारत होते. मामांचं केकबद्दलचं मत पक्कं होतं. "ह्यो पदार्थ न्हाई, फेस हाय." शेवटी त्यांच्या पंच्याहत्तरीला महिना राहिला असताना मी धीर करून सरळ विचारलं. त्यांनी रेडिओ बंद केला. म्हणाले, "माझ्या पंच्याहत्तरीला तुझा केक कर. आमचं समदं पेन्शनर बसतील, इन्स्पेक्शन करतील. पास झालीस तर खोली तुझी. फेल झालीस तर परत इषय काढायचा न्हाई." सांगलीच्या मार्केट यार्डात असला सौदा कुणी केला नसता. मी केला.

आता पेन्शनरांसमोर साधा केक ठेवून कसं चालेल? मी ठरवलं, केकवर मामांचा फोटो काढायचा, वर्दीतला. त्यासाठी एक युक्ती असते. फोटोवर बटर पेपर ठेवायचा आणि खालून दिसणाऱ्या रेघांवर लोण्याच्या क्रीमनं चित्र काढायचं. आधी डोळे, मिशा, बटणं अशी बारकी कामं, मग चेहऱ्याचा रंग, मग कपडे, शेवटी सगळ्यावर पांढरा थर. ते फ्रीझरमध्ये दगडासारखं गोठवायचं, केकवर पालथं घालायचं आणि कागद सोलून काढायचा. जे सगळ्यात आधी काढलं ते सगळ्यात वर येतं. म्हणजे काढताना आपल्याला फक्त चित्राची पाठ दिसते, तोंड शेवटी सगळ्यांबरोबर बघायचं. लग्न जमवण्यासारखंच आहे ते.

आणि पालथं घातलं की डावं उजवं होतं. हा धडा मी आधीच शिकले होते. गावातल्या डेअरीच्या मालकाच्या नातीच्या केकवर मी तिचं नाव असंच गोठवून लावलं आणि ते उलटं आलं. मालकानं घरातून आरसा आणून पाहुण्यांना नाव वाचून दाखवलं. माणूस चांगला, हसला नाही. पाहुणे हसले. तेव्हापासून माझा नेम ठरला: फोटो आधी आरशात दिसतो तसा उलटा छापून घ्यायचा, मग त्याच्यावर काढायचं.

मामांच्या अल्बममधून वर्दीतला फोटो मी गुपचूप काढला आणि तालुक्याला झेरॉक्सच्या दुकानात गेले. दुकान फौजेतून निवृत्त झालेल्या एका हवालदारांचं. मामांना मानणारे, त्यांच्याच कट्ट्यावर संध्याकाळी बसणारे. मी त्यांना म्हटलं, हे गुपित आहे, मामांना कळता कामा नये. ते ताठ झाले. मग समजावून सांगितलं: फोटो मोठा करा, आणि आरशात दिसतो तसा उलटा करून छापा. "उलटा?" हो, उलटा. "बरं," म्हणाले. मी तेवढ्यात भाजी घ्यायला गेले. आले तर लिफाफा बंद करून तयार. "काळजी करू नगा ताई, एकदम व्यवस्थित करून दिलंय." अंगठा दाखवला. मी आले घरी, मामा आंघोळीला गेले तेवढ्यात मूळ फोटो अल्बममध्ये चिकटवला आणि सुटले.

तुम्ही विचाराल, छापलेला फोटो उलटा आहे का सरळ, हे बघितलं नाहीस का? बघितला की, पण मूळ फोटो अल्बममध्ये परत गेल्यावर, ताडून बघायला काही उरलं नव्हतं. आणि मी सून आहे हो! नऊ वर्षांत मामांच्या तोंडाकडं मी एकदासुद्धा धड बघितलेलं नव्हतं. ताट ठेवायचं ते खाली मान घालून, चहा द्यायचा तो दारातून. त्यांचा भांग कुठल्या बाजूला ते मला विचाराल तर मला सांगता येणार नाही. भांग आहे का हेही सांगता येणार नाही. दोन्ही भुवया जागेवर होत्या, मिशा होत्या, छातीवर पाच मेडलं एका ओळीत होती. मी म्हटलं, झाले आपले मामा.

दोन दिवस मी लोण्याशी झुंजले. एप्रिलचा महिना. चार रेघा ओढल्या की क्रीम पातळ, परत फ्रीजमध्ये. मामांचा रंग जमवायला कोको घालत गेले, तर पहिल्या खेपेला ते फार काळे झाले, दुसऱ्या खेपेला आजारी दिसायला लागले. मेडलांच्या फिती मी टूथपिकनं काढल्या, एकेक रेघ, हिरवी, पांढरी, केशरी. फितीचा एकही रंग चुकवला नाही. दिव्याखाली भिंग घेऊन बसले होते. एवढं लक्ष मी दहावीच्या पेपराला दिलं असतं तर आज कुठं असते! शेवटी पाच मेडलांची पट्टी अशी सुरेख झाली की मी स्वतःशीच म्हटलं, खोली आपली.

आमच्या फ्रीजचा भरवसा नव्हता, लाइट कधी जाईल सांगता येत नाही. म्हणून डेअरीवाल्याच्या मोठ्या फ्रीझरमध्ये जागा मागितली. जनरेटर होता त्याच्याकडं. तीन दिवस मामा तिथं आइस्क्रीमच्या खोक्यावर आडवे होते. आत्यांनी दुसऱ्या दिवशी गुपचूप मामांची मीठमोहरी उतरून टाकली, ते मला धुरानं कळलं.

पंच्याहत्तरीच्या दिवशी अंगणात मांडव. सकाळी आत्यांनी कणकेच्या पंच्याहत्तर दिव्यांनी औक्षण केलं. मेणबत्त्या विझवण्याचा विषय निघाला तेव्हा त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी मेणबत्त्यांची पिशवीच लपवली. दुपार कलल्यावर पेन्शनर आले. बाराजण, सगळ्यांचे इस्त्रीचे कपडे, पहिल्या रांगेत. तालुक्याचे हवालदारही त्यांच्यातच. त्यांनी लांबून मला अंगठा दाखवला. दुसऱ्या रांगेत बायका, आणि त्यांच्या मधोमध थोरल्या आई.

थोरल्या आई म्हणजे मामांच्या मोठ्या भावाची बायको. भाऊ लढाईत गेले, त्याला पन्नासावर वर्षं झाली. त्या आमच्या शेजारच्या दोन खोल्यांत राहतात. बोलतात कमी. दर सव्वीस जानेवारीला शाळेच्या झेंडावंदनाला जाताना नवऱ्याची दोन मेडलं लावतात. पहिल्या वर्षी मी मदत करायला गेले आणि मेडलं डावीकडं टाचायला लागले, तर त्यांनी माझं मनगट धरून हात उजवीकडं नेला. पदर डाव्या खांद्यावर असतो, पिन पदरातून नीट जात नाही, म्हणून उजवीकडं. असं मी तिथल्या तिथं ठरवून टाकलं. विचारलं नाही. सांगलीकरांना विचारावं लागत नाही.

डेअरीवरून गोठलेला ट्रे मी स्वतः छातीशी धरून आणला. मामा खुर्चीत ताठ बसलेले. केक टेबलावर. मी सगळ्यांसमोर ट्रे पालथा घातला, केकवर बसवला आणि कागदाचं टोक धरलं. मी कागद हळूहळू सोलला. मिशा आल्या, डोळे आले, वर्दी आली, मेडलं आली. देवाशपथ सांगते, चित्र जिवंत वाटत होतं. मला रडूच यायला लागलं.

तेवढ्यात पहिल्या रांगेतले एक म्हातारे, फौजेत नाईक असलेले, उभे राहिले आणि त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. मग त्यांच्या शेजारचे उभे राहिले. मग सगळे. बाराच्या बारा, हात मांडीला चिकटवून, सावधान. मनात म्हटलं, पास! अशी सलामी कुठल्या केकला मिळाली असेल? मी पदर खोचला आणि खरं सांगते, थोडी लवून त्यांना नमस्कारसुद्धा केला.

मग आत्यांनी हंबरडा फोडला.

"म्हनलं न्हवतं मी! बर्फात ठेवू नगं म्हनलं न्हवतं!" बायका त्यांना धरायला धावल्या. मला काही कळेना. मी पेन्शनरांकडं बघितलं, ते सगळे जमिनीकडं बघत होते. शेवटी ते नाईकच पुढं आले आणि मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "सूनबाई, मेडलं उजव्या छातीवर आल्यात."

मी म्हटलं, मग?

"माणूस जितं हाय तवर मेडल डाव्या बाजूला. त्यो गेला, की त्येची मेडलं घरच्यांनी लावायची. आयनं, बायकोनं, पोरानं. ती उजव्या बाजूला."

मी दुसऱ्या रांगेत बघितलं. थोरल्या आई माझ्याकडंच बघत होत्या. त्यांनी तेव्हा धरलेलं माझं मनगट मला आत्ता, नऊ वर्षांनी, जाणवलं. आणि मी काय म्हटलं होतं? पदर. पिन. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, तो मारुतीही परवडला असता. मी चारचौघांत सासऱ्यांचं तेरावं घातलं होतं, तेही व्हॅनिलाच्या वासात.

पण मी तर उलटा फोटो छापून घेतला होता! मी हवालदारांकडं वळले. ते अजून सावधानमध्येच होते. मी विचारलं, काका, फोटो उलटा केला होता ना तुम्ही? तर ते छाती काढून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "केला हुता. पर छापल्यावर बघतो तर मेडलं उजवीकडं! म्हनलं, ताई सांगलीच्या, त्येंना कुठनं कळायचं. ते छापलेलं फाडून टाकलं आन परत सरळ छापून दिलं. सुभेदारसाहेबांचा मान हाय गड्या, त्यो कसा उलटा करू?"

बघा. चूक एकाचीही नाही. त्यांना जे ठाऊक होतं ते मला नव्हतं, मला जे ठाऊक होतं ते त्यांना नव्हतं, आणि दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही. तेव्हा मात्र मी त्या उंटावरच्या शहाण्यावर इतकी भडकले होते की क्रीमची पिशवी त्यांच्या इस्त्रीच्या शर्टावर रिकामी करावी असं वाटलं. पण खोली गेली, हे मला कळत होतं. खोलीचं मरू दे, मामांकडं बघण्याचं धाडस होत नव्हतं.

थोरल्या आई उठल्या. गुडघे धरत टेबलापाशी आल्या. आत्यांना म्हणाल्या, "गप गं. रडायचं काय झालंय?" आणि माझ्या हातातली क्रीम लावायची चपटी सुरी काढून घेतली. चित्र अजून गोठलेलं होतं, पण कडा घाम धरायला लागल्या होत्या. त्यांनी सुरी त्या पाच मेडलांच्या पट्टीखाली सारली, भाकरीखाली उलथनं सारतात तशी, अजिबात घाई न करता. पट्टी अख्खी सुटून आली. ती त्यांनी उचलली, चित्रातल्या मामांच्या डाव्या छातीवर ठेवली आणि बोटानं हलकेच दाबून बसवली. उजवीकडं पांढरा खड्डा राहिला. "बुजव त्यो," मला म्हणाल्या. मी त्यात वर्दीचं हिरवं क्रीम भरलं.

"माझा दीर जिता हाय," त्या पेन्शनरांना म्हणाल्या. "बसा समदी."

सगळे बसले. पन्नास वर्षं ज्या बाईनं मेडलं उजवीकडंच टाचली, तिच्या बोटांना डाव्या बाजूचं हिरवं क्रीम लागलं होतं. ती बोटं तिनं पदराला पुसली नाहीत, चाटली. "ग्वाड हाय," म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली.

मग मामांनी मला पुढं बोलावलं. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांच्या तोंडाकडं सरळ बघितलं. भांग डावीकडं आहे. "तुला ह्ये म्हाईत न्हवतं?" मी मान हलवली. "नऊ वर्सं या घरात, आन म्हाईत न्हवतं?" मी म्हटलं, नव्हतं, मामा. चुकलं माझं. आता कट्ट्यासमोर माझी काय शोभा होणार म्हणून मी डोळे मिटून घेतले.

मामा पेन्शनरांकडं वळले. "आमच्या आयला ठाऊक हुतं. वहिनीला ठाऊक झालं. ही या घरातली पैली सून, जिला नऊ वर्सांत ह्ये शिकायची पाळी आली न्हाई." मग म्हणाले, "लय मोठी गोष्ट हाय ती. पास."

त्यांनी केक कापला, पण मेडलांना सुरी लावली नाही. मेडलांचा तुकडा त्यांनी वाटीत काढून थोरल्या आईंना दिला. हवालदारांनी तीन तुकडे खाल्ले. त्यांना काहीच वाटलं नाही, आणि का वाटावं?

दुसऱ्या दिवशी चौघांनी मिळून ट्रंक हलवली. खाली ट्रंकेएवढीच मातीची जमीन निघाली, तिथं फरशी बसवून घेतली. ट्रंक आमच्या झोपायच्या खोलीत, नवऱ्याच्या कपाटाशेजारी आली, कारण दुसरीकडं जागाच नव्हती. मामांची खाट मधल्या खोलीत गेली आणि रेडिओ माझ्या दुकानात राहिला, तो ऐकायला ते दिवसभर दुकानातच बसतात. गिऱ्हाइकांना सांगतात, ह्यो फेस न्हाई, पदार्थ हाय. कुणी वर्दीतला फोटो घेऊन आलं की आधी स्वतः तपासतात, मग माझ्याकडं देतात. धंदा बरा चाललाय.

यंदा सव्वीस जानेवारीला थोरल्या आईंची मेडलं मी टाचली. मनगट धरावं लागलं नाही, हात आपोआप उजवीकडं गेला. घरी आले तर नवऱ्याचा मोबाइलवर फोटो आलेला, परेडचा, वर्दीतला. दर वर्षी येतो. दर वर्षी मी आधी बघते की हा वाळलाय का, डोळे झोपेचे दिसतात का, आणि मग फोन करून भांडते की जेवत का नाहीस.

यंदा चेहऱ्याकडं बघायच्या आधी मी बाजू बघितली. डावी होती. मग मी ट्रंकेवर बसले आणि त्याला फोन लावला.